विद्यार्थिनीला एक बाळ नेमून द्या : बडोद्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांना खुलं पत्र

सन्माननीय प्राचार्य, तसंच बालआरोग्य आणि समुदाय आरोग्य शिकवणारे सर्व शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यातली निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली, मधली काही विद्यार्थिनींना शिकवण्यात. आता वाडी-नवापुऱ्याकडे आणि विश्वामित्री नदीकाठच्या वस्त्यांत आशाबेनबरोबर, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आशा कार्यकर्तीबरोबर, जमेल तशी फिरते. माझं मागणं एकच आहे आणि ते आधीच सांगते. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला एक बाळ नेमून द्या. ते जन्मल्यापासून पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तिनं त्याच घरी जात राहावं. आणि बालआरोग्याच्या प्रॅक्टिकलचे काही गुण वॉर्डातल्या खाटेपाशी न ठरता त्या घरात, त्या आईसमोर ठरावेत.

समुदायाची पोस्टिंग आज कशी चालते, हे तुम्ही रोज पाहता. सकाळी नऊ-साडेनऊला कॉलेजची बस वस्तीच्या तोंडाशी थांबते. गणवेशातल्या मुली बॅगा घेऊन उतरतात, घरांची वाटणी होते, सर्व्हेचे फॉर्म निघतात आणि एकच्या सुमारास बस परत निघते. नेमक्या याच वेळात वस्तीतली आई घरी नसते. ती सातलाच कडियानाक्यावर, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावर, उभी असते, नाहीतर चार घरची भांडी करायला गेलेली असते. दाराला कुलूप असतं, किंवा दारात आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण, कडेवर बाळ. विद्यार्थिनी विचारते, "मम्मी क्यां छे?" पोरगी म्हणते, "कामे गई छे." फॉर्मवर "आई घरी नाही" असं लिहून विद्यार्थिनी पुढच्या दाराकडे वळते.

मी त्या विद्यार्थिनीला दोष देत नाही. दिवसभर ते बाळ सांभाळणारी हीच पोरगी आहे, हे तिला आपण कधी सांगितलेलं नसतं. बाळानं सकाळपासून काय खाल्लं, शी पातळ होतेय का, रात्री अंग तापलं होतं का, सगळं त्या पोरीला ठाऊक असतं. तिच्याजवळ जमिनीवर बसून बोलायचं कसं, आणि बाळ निपचित पडलं, पाणीही पिईना, प्यायलेलं सगळंच ओकायला लागलं किंवा झटका आला तर क्षणभर न थांबता शेजारच्या मासीला हाक मारायची, एवढं तिच्या मनात ठसवायचं कसं, हे आपण शिकवत नाही. (ती पोरगी शाळेत का नाही, हाही प्रश्न आहेच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांच्या राजधानीत तर तो विचारलाच पाहिजे. पण ते वेगळं पत्र होईल.)

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका वस्तीत मी एका विद्यार्थिनीबरोबर गेले होते. वाटेत चिखल, पत्र्यांवर गोधड्या वाळत घातलेल्या. एका घरात सात महिन्यांचं बाळ दोन दिवस खोकत होतं. मुलगी हुशार, वर्गात वरच्या नंबरातली. तिनं बाळाचे श्वास १५ सेकंद मोजले, १२ भरले, त्याला चारनं गुणलं, ४८ आले. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, न्यूमोनियाची खूण. ४८ म्हणजे साधा खोकला. ती तसं लिहायलाच लागली होती. मी म्हटलं, थांब जरा, बाळ किरकिरतंय, त्याला शांत होऊ दे. आईनं मांडीवर घेऊन थोपटलं. थोड्या वेळानं त्याचा डोळा लागला. मग झबलं वर करून, दाराच्या उजेडाकडे पोट येईल असं धरून, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून तिनं पुन्हा मोजलं. ५३. खात्रीसाठी परत मोजलं, ५४. बाळ एका लयीत श्वास घेत नाही. मध्येच थबकतं, मध्येच भराभर घेतं, आणि चुळबुळ करणाऱ्या बाळाचे श्वास तर नजरेतून निसटतात. पाव मिनिटाच्या मोजणीवर विसंबायचं नसतं ते यासाठी. त्याच संध्याकाळी बाळाला औषध सुरू झालं.

त्या मुलीला ६०, ५०, ४० हे तिन्ही वयोगटांचे आकडे तोंडपाठ होते. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. व्हायवात तिला पैकीच्या पैकी मिळाले असते. बाळ झोपेपर्यंत परक्या घरात गप्प बसून राहण्याची सवय मात्र तिला कुणी लावली नव्हती. वॉर्डात मॉनिटर आकडा देतो, आणि बाळ रडतंच असतं म्हणून कुणी थांबतही नाही.

आयएमएनसीआयमध्ये, म्हणजे नवजात आणि लहान मुलांच्या आजारांवरच्या एकात्मिक उपचारांच्या प्रशिक्षणात, दोन महिन्यांखालच्या बाळाचं अंगावर पिणं चार मिनिटं पाहायला सांगितलंय. हनुवटी स्तनाला टेकलीय का, तोंड मोठं उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, स्तनाभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय का. चारही गोष्टी शिकवायला सोप्या आहेत. पण एका खोलीच्या घरात, सासरा उंबऱ्यात बसलेला असताना, पडद्याआड ओल्या बाळंतिणीशेजारी चार मिनिटं बसण्याची मुभा विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी मिळत नाही. पहिल्या भेटीत खुर्ची आणि पाणी मिळतं. गळथूथी, म्हणजे जन्मल्यावर चाटवायची घुटी, दिली का विचारलं तर "ना बेन" एवढंच उत्तर येतं. तिसऱ्या भेटीला सासू स्वतःहून सांगते की पहिल्याच दिवशी आत्यानं गुळाचं पाणी चाटवलं होतं, आणि सून दूध कमी पडतं म्हणून रडते.

आपल्या मराठी घरांत वेगळं चित्र आहे असं समजू नका. दांडिया बाजारातल्या वाड्यांमध्ये अजून सहाण निघते, मुरुडशेंग आणि जायफळ उगाळलं जातं, चाटण तयार होतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको, हे त्या घरातल्या आजीला सांगायचं तर आधी आजीचं ऐकून घ्यावं लागतं. तिनं बाळाला उबेत ठेवलंय, बाळंतिणीला वेळेवर जेवू घातलंय, त्याचं मनापासून कौतुक करावं लागतं, आणि मगच सहाणेचा विषय काढता येतो. आधी विचारा, कौतुक करा, मग सल्ला द्या, आणि समजलं का ते तपासा, हा क्रम प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतही आहे. तो अंगवळणी पडायला तीच आजी पुन्हा पुन्हा भेटायला हवी. दर खेपेला नवं घर आणि नवी आजी असली की विद्यार्थिनी फक्त सल्ल्याचा भाग उरकते.

"समजलं का ते तपासा" यावर थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते बालआरोग्यात सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. "समजलं ना?" असं विचारलं की प्रत्येक आई मान हलवते. जुलाबाच्या बाळाला ओआरएसचं पाकीट दिलं, एक लिटर पाण्यात एक पाकीट असं सांगितलं, तिनं मान हलवली, आपण निघालो. घरात एक लिटरचं भांडं कुठलं? हा प्रश्न विद्यार्थिनीनं त्या घरात उभं राहून विचारला पाहिजे. तपेली, लोटा, पाण्याची जुनी बाटली, जे असेल ते पुढ्यात घ्यायचं, बाटलीवरचं माप दाखवायचं, आईलाच पाकीट फोडायला लावायचं आणि बाळाला पहिले चमचे तिच्याच हातून पाजायला सांगायचं. एक आई अख्ख्या पाकिटाची पूड पेलाभर पाण्यात घालत असलेली मी पाहिली आहे. इतकं दाट पाणी बाळाला धोक्याचं. दुसरी कुणी पाकीट पुरवून वापरायचं म्हणून चिमूटभरच घालते. शिवाय दुकानात डब्यातलं गोड पेय ओआरएसच्या नावानं मिळायचं ते वेगळंच. २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, पण आयांच्या डोक्यातून ते निघायला वेळ लागेल. झिंकच्या गोळीचंही तसंच. १४ दिवस द्यायची असते आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, मग उरलेली पट्टी फळीवर पडून राहते. ती पट्टी पाहायला पुन्हा जाणारं कुणी हवं.

बांधकामांवरच्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. दाहोद, छोटाउदेपूर, पंचमहालातून आलेली कुटुंबं इमारतीच्या पायथ्याशी झोपडी घालून राहतात आणि स्लॅब संपला की दुसरीकडे जातात. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी आयसीडीएस, म्हणजे आंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना, सुरू झाली, तेव्हा गुजरातमधून छोटाउदेपूर निवडला गेला होता. तो त्या वेळी आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, २०१३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. म्हणजे ज्या भागात राज्यातली आंगणवाडी पहिल्यांदा उघडली, तिथलंच मूल आपल्या शहरात येतं आणि इथल्या एकाही आंगणवाडीच्या रजिस्टरात त्याचं नाव नसतं. तेडागरबेन, म्हणजे आंगणवाडीची मदतनीस, त्याला बोलवायला जात नाही, कारण ते तिच्या यादीत नाही. आंगणवाडीतून मिळणारी बालशक्ती या पोषण आहाराची पाकिटं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. अशा मुलाच्या दंडाला कधी मोजपट्टी लावून पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, तिथं ताबडतोब पाठपुरावा लागतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गुजरातमधली ३९ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.१ टक्के उंचीच्या मानानं लुकडी आढळली. देशाचा लुकडेपणाचा आकडा १९.३ होता. श्रीमंत राज्यात राहतो आपण. पिवळट डोळ्यांचं, हातपाय दुखतात म्हणून रडणारं राठवा या आदिवासी जमातीतलं मूल पाहिलं की सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची शंका विद्यार्थिनीच्या मनात आली पाहिजे. आणि त्याच्या आईशी गुजरातीत बोलून भागत नाही, राठवी बोलणारी एखादी बाई सोबत घ्यावी लागते.

आता एका आईविषयी. तिचं मूल दोन वर्षांचं, जन्मताना मेंदूला इजा झालेली, गिळता येत नाही म्हणून नाकातून राइल्स ट्यूब. डिस्चार्जच्या दिवशी नळीतून दूध कसं घालायचं ते तिला एकदा दाखवलं आणि कार्ड हातात दिलं. कुठल्या इस्पितळानं, ते महत्त्वाचं नाही, कारण बहुतेक ठिकाणी असंच होतं. मी गेले तेव्हा नळीवर नाकपुडीपाशी खूण नव्हती, त्यामुळे ती सरकलीय का हे कळायला मार्ग नव्हता. मूल आडवं ठेवून दूध घातलं जात होतं. तिला डोकं उंच ठेवायला, दर वेळी नळी जागेवर असल्याची खात्री करायला आणि दूध हळूहळू सोडायला शिकवलं. ती म्हणाली, हे सगळं पहिल्या दिवशी सांगितलंही असेल, पण त्या दिवशी मला काही ऐकू येत नव्हतं. इंग्लंडमध्ये रॉदरहॅम या गावात १९४९ साली आजारी मुलांची घरी शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची सेवा सुरू झाली. १९५९ च्या प्लॅट समितीनं सांगितलं की शक्य तिथं मुलाला इस्पितळात ठेवूच नये, घरी सांभाळावं. त्यांच्याकडे हा नर्सिंगचा स्वतंत्र कामाचा भाग झाला. आपल्या शहरात नळी, फिट्स, इन्सुलिन आणि थॅलेसेमियाची मुलं घरोघरी आहेत. डिस्चार्जनंतर त्यांच्या दारात गेलेली नर्स मी फारच क्वचित पाहिली.

बाहेरचं उदाहरण पटत नसेल तर गडचिरोली घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे २०११ मध्ये देशभर आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम सुरू झाला. त्या बाया फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांना काम घरात शिकवलं गेलं आणि घरातच तपासलं गेलं. आपण चार वर्षं शिकवतो, ते बहुतेक वर्गात आणि वॉर्डात.

आणि हीच मुलगी उद्या कुठं जाणार आहे? २०१८ पासून उपकेंद्रांवर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून मोठ्या संख्येनं नर्सिंगच्याच मुली जात आहेत. मैदानी भागात पाच हजार लोकांमागे, आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र. तिथं डॉक्टर नसतो. धापा टाकणारं मूल तिच्यासमोर येतं आणि पाठवायचं की इथंच औषध द्यायचं, हे तिला एकटीला ठरवावं लागतं. सोबतीला एफएचडब्ल्यूबेन, म्हणजे उपकेंद्राची महिला आरोग्य कार्यकर्ती, आणि आशाबेन, बस्स. त्या दोघी तिच्यापेक्षा जास्त घरं पाहिलेल्या असतात, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळतं की नव्या मॅडमना बाळ हातात घेता येतं की नाही.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम नर्सिंग परिषदेचा, तास ठरलेले, आमच्या हातात काय? मी तो अभ्यासक्रम नीट पाहिला आहे आणि त्यात जागा आहे. बालआरोग्य पाचव्या आणि सहाव्या सत्रात, समुदाय आरोग्य पाचव्या आणि सातव्या सत्रात. आयएमएनसीआयचं मोड्यूल सक्तीचं आहेच. पाचवं सत्र सुरू होताना जन्मलेलं बाळ सातव्या सत्रात पंधरा महिन्यांचं होतं. आशाबेनच्या भेटीही ठरलेल्या आहेत. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, नंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. एकूण ११ भेटी. विद्यार्थिनीनं त्याच दिवशी आशाबेनबरोबर जायचं. नवी योजना नको, नवी परवानगीही फारशी नको, आहेत ते तास वेगळ्या रीतीनं वाटायचे. फॅमिली फोल्डर, म्हणजे एका कुटुंबाची आरोग्यनोंद, भरायचाच असतो, तो तीन आठवड्यांत भरण्याऐवजी पंधरा महिने भरत जाईल एवढंच. कुटुंब मध्येच गावी निघून गेलं तर तेही फोल्डरमध्ये येऊ द्या, आणि मुलाचं लसीकरणाचं कार्ड आईच्या पिशवीत गेलं का, पुढचा डोस कधी हे तिला माहीत आहे का, ते विद्यार्थिनीनं पाहावं.

वेळेचा प्रश्न खरा अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. आया संध्याकाळी सहानंतर घरी येतात. त्या वेळी विद्यार्थिनींना वस्तीत पाठवायचं तर सुरक्षेची जबाबदारी येते, वसतिगृहाची वेळ आडवी येते, पालक विचारतात. म्हणून दोघी-दोघींनी जावं, सोबत आशाबेन आणि एक शिक्षिका असावी, आणि आठवड्यातला एकच दिवस संध्याकाळचा ठेवावा. रविवारची सकाळही चालेल. त्या बदल्यात सोमवारी अर्धी सुट्टी द्या. शिक्षिकांनाही हे तास कामाचे म्हणून धरले गेले पाहिजेत. त्यांच्या घरीही मुलं आहेत, आणि फुकटात राबवून कुणाकडून मन लावून काम होत नाही. ज्या ट्यूटरनं गेल्या कित्येक वर्षांत वस्तीतलं घर पाहिलं नाही, तिनं मात्र आधी काही फेऱ्या स्वतः कराव्यात, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे. परीक्षक बाईंनी एका ओट्यावर बसून विद्यार्थिनीला श्वास मोजताना पाहिलं, तर त्या मुलीला काय येतं आणि काय येत नाही हे वॉर्डातल्या केस प्रेझेंटेशनपेक्षा कितीतरी लवकर कळेल.

कुटुंबाची संमती हवी, हे सांगायला नको. आईनं नको म्हटलं तर दुसरं घर. फोटो काढायचे नाहीत. बाळाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायचे, आणि घरात पाणी विकत आणलेलं असेल तर आपली बाटली आणि सॅनिटायझर बरोबर न्यायचं. भेट म्हणून काही द्यायचं नाही, नाहीतर उद्या आशाबेन रिकाम्या हातानं गेली की तिची पंचाईत.

पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाला नको. एका कॉलेजनं एक शहरी आरोग्य केंद्र निवडावं आणि तिथल्या हद्दीत इच्छुक विद्यार्थिनींच्या थोड्या जोड्या लावाव्यात. आम्ही काही निवृत्त सिस्टर्स संध्याकाळच्या फेऱ्यांना यायला तयार आहोत. मानधन नको, वस्तीपर्यंत नेण्या-आणण्याची सोय करा. गुजराती सगळ्यांनाच येतं, राठवी समजणारी एकजणही आमच्यात आहे. पुढच्या पाचव्या सत्राचं वेळापत्रक पक्कं होण्याआधी शिक्षिका, आरोग्य केंद्राच्या डॉक्टर आणि आशाबेन यांची एक बैठक बोलवा. बैठक आशाबेनच्या फेऱ्यांच्या दिवशी नको, त्यांना दुपारी तीननंतर सवड असते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
दांडिया बाजार, बडोदे